फळी धरणारी

आमच्या ह्यांचा कोणावर विश्वास बसलाय, असं लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी पाहिलेलं नाही. मार्केट यार्डात ह्यांचा फळांचा गाळा आहे. पेटी आली की आमचे सर्जेराव आधी ती उलटी करणार. वरचा थर दाखवायचा असतो आणि खालचा खपवायचा, हे ह्यांना सासऱ्यांनी बाळकडूतच पाजलेलं. गाळ्यावर ते शोभतं. पण हा माणूस लग्नाच्या पंगतीतसुद्धा बासुंदी ढवळून बघतो! विश्वास पानिपतात गेला म्हणतात, तो आमच्या घरी काही परत आला नाही.

आमची मैना घराजवळच, कर्वेनगरात एका शाळेच्या हॉलमध्ये सिराज सरांकडे तायक्वांदो शिकायची. सर कडक. पट्टा सैल बांधला की वर्गाबाहेर. उशीर झाला तर दाराशी उभं राहायचं, सरांनी मान हलवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. घरी स्वतःची कपबशी न विसळणारी माझी लेक तिथे सगळ्यांच्या आधी जाऊन हॉल झाडायची. पांढऱ्या पट्ट्यापासून लाल पट्ट्यापर्यंत ती अशीच घासून घासून पोचली. आता काळ्या पट्ट्याची परीक्षा होती. पुढे दहावी, आणि दहावीला क्लास बंद हे घरात ठरलेलं. म्हणजे काळा पट्टा आत्ता मिळाला तर मिळाला, नाहीतर सगळी मेहनत लालवरच थांबणार होती.

तिची जोडीदार जैनब, सिराज सरांची सख्खी भाची. दोघी बरोबरच क्लासला लागल्या आणि प्रत्येक पट्टा बरोबरच मिळवला. क्लास सुटला की जैनब आमच्याकडे यायची आणि माझ्या हातची भाकरी आणि ठेचा खाऊन नाक पुसत घरी जायची.

ह्या परीक्षेत लाकडाची फळी लाथेने फोडावी लागते. फळी कुणीतरी दोन्ही हातांनी समोर धरायची, आणि सरांचा नियम असा की जोडीदारानेच धरायची. धरणाऱ्याची कोपरं ताठ असली तर फळी फुटते. जरा सैल पडली की लाथेचा जोर वाया जातो आणि मारणाऱ्याचाच पाय दुखावतो.

परीक्षेच्या महिनाभर आधी सरावात मैनाची फळी फुटेना. नेमके त्याच दिवशी हे तिला आणायला गेले होते आणि खिडकीतून बघत होते. घरी आल्यावर चपला काढायच्या आत तोंड सुरू झालं.

"जैनबनं कोपरं सोडली. मी ह्या डोळ्यांनी बघितलंय."

"तुम्हाला त्यातलं काय कळतं?" मी म्हटलं.

"मला माल कळतो, तशी माणसं बी कळत्यात. मामा सर, भाची जोडीदार. पट्टा कुणाला मिळावा असं वाटत असंल त्यास्नी? जिल्ह्याच्या स्पर्धेत फायनलला एका गुणानं कोण जिंकलं?"

"जैनब जिंकली, कारण ती चांगली खेळली, पप्पा," मैना म्हणाली.

"मग बस बघत," असं म्हणून ह्यांनी ताट पुढे ओढलं.

संशयाला एकदा उंबरा ओलांडू दिला की तो घरचाच होऊन बसतो. आठवड्याभरात सिराज सरांनी मला रस्त्यात थांबवलं. "वहिनी, मैनाची नजर फळीवर नसते हल्ली. जैनबच्या हातांवर असते. काही झालंय का?" दहावीचं टेन्शन, म्हणून मी वेळ मारून नेली. खरं तर मलाही ती बाधा झाली होती. जैनब भाकरी खाता खाता हसली की माझ्या मनात यायचं, ही आता का हसली? पोरींना सगळं समजतं. जैनब यायची बंद झाली. एकदा मुद्दाम विचारलं, तर म्हणाली, "अभ्यास असतो, काकू." त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. मैनाच्या बाकीच्या गोष्टी छान झाल्या. शेवटी फळी. तीन संधी, त्यात फुटली नाही तर नापास.

जैनबने फळी धरली. मैना धावत आली, लाथ बसली, फळी तशीच राहिली. मी फळीकडे पाहतच नव्हते, मीही कोपरांकडेच पाहत होते. ती हलली का? शपथेवर नाही सांगता येणार मला.

हे ताडकन उठले. "साहेब, धरणारी बदला. ही पोरगी मुद्दाम सैल सोडती."

मला तर धरणी दुभंगावी असं वाटलं. सिराज सर शांतपणे म्हणाले, "मग आपणच धरा ना. आपल्याइतका भरवशाचा माणूस आम्ही कुठून आणणार?"

परीक्षकांनी मैनाला विचारलं, "चालेल तुला?"

मैनाने खाली बघत मान डोलावली. जैनब तिच्याकडेच बघत होती.

सरांनी ह्यांची कोपरं ताठ करून दिली, एक पाय मागे रोवायला लावला आणि डोळे मिटू नका म्हणून बजावलं. फळांच्या पेट्या पेलणारा गडी, फळीचं काय एवढं! पण लेक धावत आली आणि ह्यांनी गच्च डोळे मिटून फळी छातीशी ओढून घेतली. आवाज मोठा झाला. फळी शाबूत, आणि मैना टाच धरून खाली बसली.

"फळीच ओली हाय," हे म्हणाले.

परीक्षकांनी फळी बोटाने वाजवून पाहिली. "चांगली वाळलेली आहे. पोटची पोर अंगावर आली की बापाचे हात ताठ राहत नाहीत. दोष नाही आपला. बसा."

आता एकच संधी होती. मैना लंगडत जैनबसमोर गेली. "धरशील?"

जैनबने फळी उचलली, पाय रोवला, हात पुढे केले. हिने आता नखभर हात सैल सोडला तरी कुणाला कळणार नव्हतं. आणि सोडला असता तर मी तिला कुठल्या तोंडाने बोलणार होते? मैनाने ह्या वेळी कोपरांकडे पाहिलं नाही. ती धावली, आणि फळीचे दोन तुकडे झाले.

टाळ्या पडल्या. ह्यांचे डोळे भरून आले. मैना हसत जैनबला मिठी मारायला गेली, तर जैनब नियमाप्रमाणे कमरेत वाकली आणि एक पाऊल मागे सरली.

मग जैनबची पाळी आली. मैनाने नवी फळी घेतली आणि हात ताठ करून समोर उभी राहिली. जैनबने त्या हातांकडे पाहिलं. मग परीक्षकांकडे वळली.

"सर, धरणारी बदलून मिळेल?"

"का?"

"नियमात बसतं ना, सर? मघाशी बसलं."

आवाजात राग नव्हता. रांगेत बसलेला, क्लासमधलाच रियाज उठला, ढिगातली दुसरी फळी घेऊन उभा राहिला, आणि जैनबने ती पहिल्याच लाथेत फोडली.

ह्यांनी मला कोपराने ढोसलं. "बघितलंस? मी म्हणत नव्हतो, तिच्या मनात काहीतरी हाय?"

"गप्प बसा," मी म्हणाले, चार लोकांत, मोठ्याने. आयुष्यात पहिल्यांदा.

टाळ्या चालूच होत्या. मैना अजून तिथेच उभी होती, दोन्ही हात ताठ, फळी समोर धरून.