मला खिळ्यावरच राहू द्या

मित्रांनो, ओट्याच्या वर, खिडकीच्या डाव्या हाताला जो खिळा आहे, त्याला लटकलेली जुनी गाळणी म्हणजे मी. माझी जाळी काळवंडली आहे, दांडा वाकला आहे आणि कडेला एके ठिकाणी तार तुटली आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू बहुधा म्हणतात, आम्हाला विसरू नका, आम्हाला वापरा. मी तसे म्हणणार नाही. का, ते ऐका.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. तिथे बारीक पोलादी तारेची जाळी कापडाच्या ताग्यासारखी गुंडाळून ठेवलेली असे. एका यंत्राने तिच्यातून गोल तुकडा कापला, दुसऱ्याने त्याला दाबून खोलगट केले. मग कडेला पट्टी बसली आणि दांडा जोडला गेला. शेवटी एक बाई प्रत्येक गाळणी उजेडासमोर धरून बघायची. एखादे भोक मोठे दिसले की ती गाळणी बाजूला टाकायची. मला तिने दोनदा फिरवून बघितले आणि म्हणाली, "ही एक नंबर." तेव्हापासून मला माझ्या बारीक भोकांचा गर्व वाटू लागला. पुढे जे झाले त्यात त्या गर्वाचाही वाटा आहे.

दुकानातून मला चिमटीच्या आईने उचलले. चिमटी तेव्हा जन्मली नव्हती. घरात दोघेच होते, ती आणि तिचा नवरा. तो डिझेल पंप दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणत. पुढच्या खोलीत त्यांचे वर्कशॉप होते आणि मागे स्वयंपाकघर. मधले दार उघडेच असे, त्यामुळे मला तिकडचे सगळे ऐकू येई. गिऱ्हाईक आले की मिस्त्री पंप उघडून फिल्टर हातात घेत आणि म्हणत, "हे बघा. कचरा. बाकी काही नाही. बिघाड म्हणजे कचरा."

मिस्त्रींना दुधावरची साय चालत नसे. ओठाला लागली तरी त्यांना शहारा येई. मला त्यासाठीच आणले होते. रोज सकाळी चिमटीची आई दूध माझ्यातून गाळायची आणि बोलायची.

"जेवणात खडा नको, दुधात साय नको. आयुष्यसुद्धा गाळूनच देऊ का तुम्हाला?"

"दे की. गाळणी चांगली आहे."

"मग साय कोण खाणार?"

"तू आहेस ना."

आणि ती खरोखर माझ्यातली साय बोटाने पुसून खायची. हे रोजचेच होते. आता वाटते, ते माझे सगळ्यात चांगले दिवस होते.

मग बाळ झाले. इतके लहान, की आईने तिचे नाव चिमटी ठेवले. चिमटी अंगावर पीत होती आणि भरत चालली होती. आईने एक छोटी वाटी आणि मऊ टोकाचा चमचा आधीच आणून फडताळात ठेवला होता. ती म्हणायची, "सहा महिने झाले की बटाटा कुस्करून देणार. पहिला घास माझ्या हातचा."

चिमटी चार महिन्यांची असताना तिच्या आईला ताप आला. तिची आई, म्हणजे चिमटीची आजी, तेव्हा घरी आलेली होती. आजी म्हणाली, "काही होत नाही. पाजणाऱ्या बाईला येतो असा ताप." मिस्त्री म्हणाले, "हो, काही होत नाही, उतरेल," आणि गाळलेले दूध पिऊन वर्कशॉपमध्ये गेले. चौथ्या दिवशी तिला इस्पितळात नेले. ती परत आली नाही.

आजी मग इथेच राहिली. चिमटीला डब्याचे दूध सुरू झाले. मिस्त्री स्वतः बाटली उकळत, पावडर मोजत आणि गुठळी राहू नये म्हणून दूध माझ्यातून गाळत. बोलत कमी. वर्कशॉपमधून दर तासाला उठून आत येत, बाळाच्या नाकाजवळ बोट धरून श्वास बघत आणि परत जात.

दर महिन्याला एक नर्सबाई वजनाचा काटा घेऊन घरी यायची. सहा महिने झाले तेव्हा ती म्हणाली, "आता दुधाबरोबर जेवण सुरू करा. दूध बंद नाही करायचं हं, दूध चालूच. पण दिवसातून एकदा, मग दोनदा, मऊ कुस्करलेलं काहीतरी. पहिल्यांदा एक-दोन चमचे गेले तरी पुष्कळ."

दुसऱ्या दिवशी आजीने फडताळातली ती छोटी वाटी काढली. बटाटा उकडला, कुस्करला, दुधात कालवला. पहिला घास कोणी द्यायचा? आजीने वाटी मिस्त्रींकडे सरकवली, मिस्त्रींनी ती परत आजीकडे. शेवटी आजीनेच दिला. दोन चमचे गेले. तिसऱ्यात एक कण राहिला होता. चिमटीने आवाज काढला, तिचे तोंड लाल झाले, डोळ्यांत पाणी आले. मिस्त्रींनी तिला ओढून उलटे धरले. तोवर कण तिने स्वतःच बाहेर टाकला होता. ती रडत होती ती उलटे धरल्यामुळे. मिस्त्रींनी तिला आजीच्या हातात दिले. त्यांनी मला खिळ्यावरून काढले आणि बटाटा माझ्यातून दाबून घातला. खाली मलईसारखे मऊ काहीतरी उतरले. चिमटीने ते चाटून संपवले.

मिस्त्री मला उजेडासमोर धरून म्हणाले, "फिल्टर असावा तर असा."

मित्रांनो, खरे सांगते, मी फुगून गेले.

त्यानंतर बटाटा, गाजर, भोपळा, केळे, भात, सगळे माझ्यातून जाऊ लागले. सातवा महिना गेला. आठव्या महिन्यात नर्सबाई म्हणाली, "आता गाळणं बंद करा. जेवणाच्या काट्याने कुस्करून द्या, थोडे कण राहू देत. आता नाही शिकली तर पुढे जड जाईल." मिस्त्री "हो, हो" म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून दोनदा गाळू लागले.

चिमटीला दोन दात आले. त्या दातांना काही काम नव्हते. आजीने एकदा उकडलेल्या गाजराची मऊ फोड तिच्या हातात दिली. तिने ती तोंडाला लावली, जिभेला काहीतरी वेगळे लागले तशी भेदरून फेकून दिली. दहाव्या महिन्यात तर ती चमचा बघूनच मान फिरवू लागली. गाळलेलेही नको. फक्त बाटली. मिस्त्रींना त्यात सुटकाच वाटली, कारण दुधात कण नसतो. चार बाटल्यांच्या सात झाल्या. नुसत्या दुधाने तिचे पोट टम्म असायचे आणि हातपाय काड्यांसारखे.

अकराव्या महिन्यात नर्सबाईने तिला वजनाच्या काट्यावर ठेवले आणि आकडा मागच्या दोन आकड्यांशी ताडून बघितला.

"दोन महिन्यांत काहीच वाढ नाही. दुधानंच पोट भरतंय हिचं, भूक लागणार कधी? पुढच्या वेळी असंच असलं तर इस्पितळात ठेवावं लागेल."

इस्पितळ म्हटल्यावर मिस्त्रींनी चिमटीला काट्यावरून उचलून घेतले.

"घशात अडकलं तर?" त्यांनी विचारले.

"ठसकणं वेगळं आणि अडकणं वेगळं. आवाज येतोय, तोंड लाल होतंय, म्हणजे ती स्वतःच कण पुढे ढकलतेय. तेव्हा हात लावायचा नाही. आवाज बंद झाला, की मात्र धावायचं." तिने त्यांच्या हातावर एक उशी पालथी ठेवून, डोके खाली, पाठीवर थापट्या कशा मारायच्या ते दाखवले. त्यांच्याकडून तीनदा करून घेतले. जाताना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आणि हिला आता खिळ्यावर राहू द्या."

मला राग आला. मी एक नंबर होते ना!

त्या संध्याकाळी आजीने मला उचलले आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी खिळा रिकामा बघितला. मी डब्यात होते, पण सगळे ऐकू येत होते. कप्पे ओढले जात होते, भांडी पडत होती.

"आई, गाळणी कुठंय?"

"मला काय ठाऊक? पाय फुटले असतील तिला."

"थट्टा नको. भोपळा गार होतोय."

"काट्यानं कुस्करते मी. एखादा कण गेला तर काही होत नाही हो."

"तापालाही तुम्ही हेच म्हणाला होतात."

  मग डब्याचे झाकण उघडले. आजीने मला बाहेर काढले, तांदूळ झटकले आणि मला मिस्त्रींच्या हातात दिले. "घ्या," एवढेच म्हणाली आणि मागच्या पायरीवर जाऊन बसली.

मिस्त्रींनी मला वाटीवर धरले आणि भोपळा माझ्यात घालून चमच्याने रगडू लागले. इतक्या जोराने त्यांनी मला कधी दाबले नव्हते. ते भोपळ्यावर रागावले होते की स्वतःवर, मला कळेना. माझा दांडा वाकला. आणि कडेपाशी माझी एक तार तटकन तुटली. नखाएवढा तुकडा, सुईसारखा टोकदार, भोपळ्याबरोबर वाटीत पडला.

मला तो दिसत होता. मित्रांनो, वस्तूला तोंड नसते. मिस्त्रींनी चमचा भरला. तो तुकडा चमच्यातच होता, वर भोपळ्याचा थर. चमचा चिमटीच्या ओठांपर्यंत गेला. इतके दिवस ती तोंड उघडत नाही म्हणून घर काळजीत होते. मी मनातल्या मनात म्हणत होते, आज नको उघडू, पोरी, आज नको.

तिने ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली. चमचा गालाला लागून कलला, भोपळा ओघळला आणि तार चमकली.

आयुष्यभर कचरा शोधणारी ती नजर. मिस्त्रींना तो तुकडा लगेच दिसला. त्यांनी तो बोटावर घेतला. मग मला उचलून उजेडासमोर धरले, त्या कारखान्यातल्या बाईसारखे, आणि तुटलेली जागा शोधली. ते खाली जमिनीवरच बसले.

"आई," त्यांनी हाक मारली. "आई, आत या."

आजी दारात आली. मिस्त्रींनी बोट पुढे केले.

"फिल्टर फाटला की तोच कचरा देतो. गिऱ्हाइकाला रोज सांगतो मी हे."

आजीने ते बघितले आणि आधी चिमटीला उचलून घेतले, तिच्या तोंडात बोट फिरवून बघितले. तोंडात काही नव्हते.

"आणि तापाचं," मिस्त्री म्हणाले, "मीही तेच म्हणालो होतो. काही होत नाही म्हणून. दूध पिऊन कामाला गेलो होतो मी."

"ऐकलं होतं मी," आजी म्हणाली. "उठा. बटाटा लावते."

मला धुवून खिळ्यावर टांगले. त्या दिवशी मिस्त्रींनी चिमटीला सरळ बसवले आणि काट्याने कुस्करलेला बटाटा दिला, चमच्याच्या टोकावर, वाटाण्याएवढा. बाटली दोन तास आधी झाली होती, त्यामुळे तिला थोडी भूक होती. तिने बटाटा तोंडात घेतला आणि ठसकली. तोंड लाल झाले. मिस्त्रींचा हात पुढे गेला. त्यांनी तो मागे घेऊन ओट्याची लाकडी कड धरली. इतकी घट्ट, की बोटे पांढरी पडली.

"आवाज येतोय," आजी म्हणाली.

"येतोय."

"येतोय ना?"

"येतोय."

कण जिभेवरून पुढे आला आणि हनुवटीवर पडला. चिमटी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने तो बोटाने चिवडला आणि परत तोंडात घातला. आणि पुन्हा थुंकला. त्या दिवशी पोटात काहीच गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सात बाटल्यांच्या सहा झाल्या, मग पाच. ती चिडायची, वाटी उडवायची, भिंतीवर गाजर बसायचे. नर्सबाई पुन्हा आली तेव्हा काटा जेमतेम सरकला होता. ती म्हणाली, "सरकला तरी. इस्पितळाचं पुढच्या महिन्यात बघू." मिस्त्री अजून प्रत्येक घासाला ओटा धरतात. त्या जागी लाकूड गुळगुळीत होऊ लागले आहे.

मी तुटलेली आहे, त्यामुळे आता दूधही गाळता येत नाही. आजीने विचारले होते, "नवी गाळणी आणू का?" मिस्त्री म्हणाले, "नको." मला टाकूनही देत नाहीत. मला कोणी आणले होते, हे ते विसरलेले नाहीत.

काल सकाळचीच गोष्ट. मिस्त्रींच्या पेल्यात दुधावर जाड साय होती. ते बराच वेळ पेल्याकडे बघत बसले. समोर चिमटीच्या तोंडात बटाट्याचा कण होता आणि तोंड वाकडे करून ती त्याचे काय करावे याचा विचार करत होती. मिस्त्रींनी डोळे मिटले, साय तोंडात घेतली आणि शहारले. दोघांची तोंडे अगदी सारखी झाली. आजीला हसू फुटले आणि मग तिने पदर डोळ्यांना लावला. चिमटीने एकदा चावले. मग गिळले.

मित्रांनो, मी दिसायला अजून गाळणीच आहे. उद्या चिमटी पुन्हा ठसकेल, पुन्हा कोणाचा तरी हात माझ्याकडे वर येईल. तेव्हा माझ्यासाठी एवढे करा. तो हात धरा, आवाज येतोय का ते ऐका, आणि मला खिळ्यावरच राहू द्या.