रामनगरात अडलेली गाडी

शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमारास काशीहून गंगेपलीकडे रामनगरला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे टिनाचं छप्पर, एक बाकडं आणि चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या. सकाळी दुर्गाघाटावरून नावेनं यायचं, संध्याकाळी काळे हात घासून परत जायचं. आता दुकान मोठं झालंय, हाताखाली माणसं आहेत, पण ते दिवस आठवले की जीव तिकडेच ओढतो.

तेव्हा एकच गोष्ट खुपायची. माझे वडील ढुंढिराजशास्त्री वेद शिकवायचे. मी त्यांची पाठशाळा सोडून स्क्रूड्रायव्हर हाती धरला, त्यानंतर सहा वर्षांत अप्पांनी दुकानात पाऊल ठेवलं नव्हतं. घरी सगळं बोलायचे, पण दुकानाचं नाव काढलं की त्यांना नेमकी संध्या आठवायची. त्यांनी एकदा, फक्त एकदा माझं काम पाहावं असं मला फार वाटायचं. बाकी कुणाच्या शाबासकीनं माझं समाधान होत नव्हतं.

आणि माघातल्या एका दुपारी अप्पा स्वतःच दुकानासमोर येऊन उभे राहिले. आत नाही, रस्त्यावरच.

“विश्वेश, जरा चल. डॉक्टरांची गाडी बिगडली आहे.”

डॉक्टर रत्नाकर हे नागपूरचे आमचे पिढीजात यजमान. सिंगापूरची नोकरी संपवून येताना त्यांनी तिथली मोटार बरोबर आणली होती. क्लच नाही, गियर आपोआप बदलणार, असलं नवल तेव्हा काशीत कुणी पाहिलं होतं! ती स्वतः चालवत ते आले, अप्पांना घेऊन रामनगरच्या देवीला गेले आणि मंदिरासमोरच अप्पांकडून गाडीची पूजा करवली. पूजा झाली आणि गाडी जागची हलेना.

मी पोचलो तेव्हा डॉक्टर थंडीतही घामाघूम झाले होते. इंजिन सुरू होत होतं, पण गियरचा दांडा ‘पार्क’वर ढिम्म.

“गियरबॉक्स गेला,” ते म्हणाले. “आता ट्रकवर चढवून दिल्लीला न्यावी लागणार. तू हा दांडा तरी उघडून बघ.”

“जिथे अडलं तिथे एकदम हात नाही घालायचा, डॉक्टरसाहेब. पहिले मागे जायचं.”

बोलून गेलो आणि जीभ चावली. विद्यार्थी मंत्रात अडखळला की अप्पा अगदी हेच सांगायचे. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. ते गाडीकडे पाठ करून देवळाचा कळस बघत होते.

मी डॉक्टरांना ब्रेक दाबायला सांगितला आणि मागे जाऊन पाहिलं. एकही लाल दिवा लागला नाही. मला हुरूप आला. अशा गाडीत ब्रेकवर पाय असेल तरच दांडा सुटतो, आणि पाय पडल्याची खबर पेडलजवळचा एक लहानसा स्विच देतो, मागच्या दिव्यांनाही आणि दांड्याच्या कुलपालाही. दोघांनाही खबर नाही, म्हणजे ती निघतच नव्हती. मग हॉर्न वाजवायला सांगितला. तो ठणठणीत वाजला. फ्यूजच्या झाकणावरच्या तक्त्यात हॉर्न आणि ब्रेकचे दिवे एकाच फ्यूजवर दाखवले होते, तेव्हा फ्यूज शाबूत होता. संशय स्विचवर आला.

टेस्टिंगचा बल्ब घेऊन मी स्टिअरिंगखाली उताणा शिरलो आणि पाहतच राहिलो. ब्रेकच्या पेडलला पूजेच्या लाल दोऱ्याचे, कलाव्याचे, अकरा वेढे होते. घट्ट, नेटके, अप्पांच्या हातचे. ती गाठ मी झोपेतही ओळखली असती. त्या वेढ्यांत स्विचची वायरही गुंडाळली गेली होती. पूजेनंतर डॉक्टरांनी पेडल दाबलं तेव्हा दोरा ताणला गेला आणि वायरच्या टोकाचा प्लग स्विचमधून निघून आला होता. प्लगला बल्ब लावला तर लख्ख पेटला. वीज इथवर येत होती, फक्त स्विचमध्ये जात नव्हती.

मी दोरा कापून मुठीत दाबला, प्लग बसवला, वायर बाजूला बांधली. पुन्हा ब्रेक दाबला तसे मागचे दिवे लागले आणि दांडा सुळकन सरकला. डॉक्टर खूश झाले.

“काय झालं होतं रे?”

“प्लग ढिला होता. इतक्या लांबच्या प्रवासात हलला असेल.”

पिढीजात यजमानासमोर वडिलांची शोभा करायची माझी हिंमत नव्हती.

“मुठीत काय आहे?” अप्पांनी विचारलं.

त्यांच्याशी खोटं बोलणं मला कधीच जमलं नाही. मी मूठ उघडली. त्यांनी दोरा पाहिला, मग गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि पेडलकडे पाहिलं. वायर कुठून कुठे जाते ते विचारलं. मी सांगितलं. ते नीट ऐकत होते.

मग ते डॉक्टरांकडे वळले. “चूक माझी आहे. ज्यानं गाडी थांबते त्यालाच रक्षा हवी, म्हणून मी तिथे कलावा बांधला. त्यानंच गाडी अडली. हा माझी लाज राखायला खोटं बोलला.”

डॉक्टर ‘अहो, असू द्या’ म्हणत राहिले. अप्पांनी यजमानासमोर मान खाली घातलेली मी कधी पाहिली नव्हती, आणि मला ते बघवेना.

डॉक्टरांनी गाडीचं दार उघडलं. अप्पा म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे. मी विश्वेशबरोबर नावेनं येईन.”

ते माझ्या पुढे चालत दुकानात शिरले आणि सरळ बाकड्यावर बसले. मी फडकं घेऊन बाकडं पुसायला धावलो.

“राहू दे रे. तू आपलं काम कर.”

थोड्या वेळानं एक टेंपोवाला आला. टिनाच्या छपराखाली भस्म लावलेले शास्त्री बसलेले पाहून तो बिचारा गोंधळलाच.

“पंडितजी, मिस्तिरी किधर है?”

अप्पांनी माझ्याकडे बोट केलं. “ये रहा. हमारा लड़का है.”

त्या टेंपोचं काय बिघडलं होतं ते आज आठवत नाही. मी लगेच त्याच्याखाली शिरलो एवढं आठवतं, कारण वर राहिलो असतो तर दोघांसमोर रडलो असतो.