पंधरा सेंटिमीटर

"मी पंचेचाळीस सांगितलं होतं," टेप धरून हेन्रिका म्हणाली. "हे साठ आहे."

टाइस्टो खांबापाशी दुखरा गुडघा चोळत उभा राहिला. पोल घेऊन उडी मारणारा आकडा सांगतो, तेवढे सेंटिमीटर आडवी काठी पेलणारे दोन्ही खांब गादीकडे सरकवायचे, हेच त्याचं पस्तीस उन्हाळ्यांचं काम. आकडा लहान, म्हणजे खांब जवळ असले की कमी वेगातही वरची काठी ओलांडता येते. पण वेग फारच कमी पडला, तर माणूस मागे येऊन पोल रोवायच्या लोखंडी खोबणीवर आदळतो.

"चुकून झालं असेल," मुख्य पंच पिर्को म्हणाली. "डोळे गेलेत त्याचे."

"डोळे धड आहेत," टाइस्टो म्हणाला. "मुद्दाम ठेवलं."

"तुमच्यापायी माझ्या दोन उड्या गेल्या. आज जमलं नाही तर राष्ट्रीय स्पर्धा हुकली माझी. कळतंय ना?"

"कळतंय. पण पडलीस तर गादीवर पडशील."

"कुठं पडायचं ते माझं मी बघेन."

तिचं बरोबर होतं, आणि तेच टाइस्टोला जड गेलं. एकोणतीस वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ उर्हो चाळीस म्हणाला होता आणि टाइस्टोने चाळीस ठेवलं होतं. उर्हो मानेवर पडला. पुढे नऊ वर्षं टाइस्टोने त्याला चमच्याने सूप भरवलं, आणि उर्होने कधी बोल लावला नाही. तेव्हापासून पन्नासच्या आत आकडा आला की टाइस्टो गुपचूप साठ ठेवी. आजवर टेप कोणी लावली नव्हती. किती जणांच्या उड्या आपण खाल्ल्या, हे त्याने मोजलं नव्हतं.

"दंडावरची पंचांची पट्टी काढ, टाइस्टो," पिर्को हळू आवाजात म्हणाली. "मलाही बरं वाटत नाही. पण पुरे आता."

त्याने पट्टी काढून दिली. हेन्रिकाला दोन्ही उड्या परत मिळाल्या. खांब पंचेचाळीसवर आले.

ती धावली तेव्हा टाइस्टोने पाठ फिरवली. पोल खोबणीत आदळला, काठी पडल्याचा आवाज आला नाही, टाळ्या झाल्या. त्याने वळून पाहिलं. हेन्रिका गादीच्या अगदी पुढच्या कडेवर पडून हसत होती. तिच्या टाचा खोबणीवर लोंबत होत्या, आणि बाकी सगळे वर काठीकडे पाहत होते.

ती उठून गेल्यावर टाइस्टोने खोबणीभोवतीचा सरकलेला फोम पायाने जागेवर बसवला, आणि तो बाकांकडे चालू लागला.