खवट तेलाची भेग

मी एक जुना काळा खडक आहे. येडशीजवळच्या डोंगरउतारावर मी टेकून असे. कधीकाळी मी तापलेला रस होतो. निवताना आकसलो, तेव्हाच अंगात एक तिरकी भेग पडली. पण मित्रांनो, भेग पडली म्हणजे दगड लगेच कोसळतो असं नाही. तिचे दोन्ही काठ खडबडीत होते, दातांत दात अडकल्यासारखे. भेगेवरच्या अर्ध्या अंगाचं वजन मला खाली ओढायचं, ते काठ धरून ठेवायचे. ताण मात्र साठत होता, आणि तो सारा भेगेच्या टोकाशी गोळा व्हायचा.

ते निजामाचे दिवस. गावात चार माणसं जमली की अंमलदार इजाजत विचारी, म्हणून कीर्तन गावाबाहेर माझ्या पायथ्याशी व्हायचं. टाळ वाजू लागले की माझ्यासारख्या दगडालाही डोलावंसं वाटे.

पुढं तेलघाण्याचे मालक महांतप्पा यांना माझी भेग दिसली. हे देवाचं तोंडच, असं ठरवून ते तिच्यात घाण्यावरचं उरलंसुरलं तेल ओतू लागले. पाठोपाठ लोकांचं दूध आलं, नारळाचं पाणी आलं. शी! दूध नासलं, तेल खवट झालं, माश्या घोंगावू लागल्या. भेगेतली माती बुळबुळीत झाली आणि काठांची पकड ढिली पडली. टोकाकडचा दगड तुटू लागला तसा मी करकरलो. मी सावध करत होतो हो! महांतप्पांना वाटलं, देव हुंकार देतोय. करकर ऐकली की ते आणखी तेल ओतत. मला माझ्याच अंगाची शिसारी येई.

एका दुपारी सोमलिंगबुवा कीर्तनाला उभे राहिले. महांतप्पांची थोरली बहीण शांताक्का बायकांना घेऊन नेमकी माझ्याखाली बसली. शिवनाम ऐकायला आलेल्या या लेकीबाळी माझ्याखाली चिरडल्या जाणार, या विचारानं मी कासावीस झालो. पूर्वरंग संपला, बुवांच्या गळ्यात हार पडला, तशी शांताक्का नाकाला पदर लावून उठली.

“बुवा, ह्यो वास सोसंना. आमी वढ्यापल्याड बसतो. उत्तररंग तिकडंच सांगा.”

“अक्का, देवाच्या तेलाला नावं ठिवू नका,” महांतप्पा म्हणाले.

“ताजं गिऱ्हाइकाला, खवट देवाला. तूच पी की वाटीभर.”

बायका हसत उठल्या. बुवाही चिपळ्या घेऊन निघाले, मग कुरकुरत पुरुष गेले. पलीकडं उत्तररंग रंगात आला आणि इकडं माझी पकड सुटली. वर्षानुवर्षं साठलेला ताण एका क्षणात मोकळा झाला. मी खाली आदळलो, जमीन हादरली. मित्रांनो, धरणीच्या पोटातही खडक असेच एकमेकांना धरून असतात. ताण सोसवेनासा झाला की सरकतात. त्यालाच आपण भूकंप म्हणतो.

धूळ बसली. महांतप्पा धावत आले, देवानं वाचवलं म्हणून रडले, आणि पुन्हा तेलाचा बुधला उचलला! शांताक्का आडवी आली.

“आदी त्याला धू. मग हात जोड.”

महांतप्पांनी बुधला खाली ठेवला आणि राख घेऊन मला घासायला बसले. चिकट थर निघाला, तशी माझी ताजी तुटलेली कड उघडी पडली. तिच्यावर त्यांचा हात थबकला, आणि “हुंकार न्हवता त्यो,” असं ते पुटपुटले.

म्हणून विनवतो मित्रांनो, ज्याच्यावर माया आहे त्याची भेग माखून झाकू नका. तो करकरला, तर हात जोडण्याआधी जरा आत डोकावून पाहा.