सापडली

पहिला हात खिडकीतून आत आला तेव्हा भर दुपार होती. धाकटी एका उघड्या खुर्चीचे पट्टे ताणत बसली होती आणि मी मागच्या खोलीत चहा टाकला होता. पडद्याच्या फटीतून मला दिसला, हात बाईचा होता. नखांना रंग, मनगटात घड्याळ. गजांमधून आत येऊन तो खिडकीच्या कडेखाली चाचपत होता, आपल्याच कपाटात रुमाल शोधावा इतक्या हक्काने.

मी कप घेऊन आले तोवर हात गेला होता आणि धाकटीही. हातोडी जमिनीवर पडली होती. कोपऱ्यात दुरुस्तीला आलेला मोठा सोफा होता. त्याचं जुनं कापड आम्ही सकाळीच फाडून काढलं होतं, नुसता सांगाडा आणि स्प्रिंगा उरल्या होत्या. त्या सांगाड्याच्या पोटात, गुडघे छातीशी घेऊन, माझी बहीण बसली होती. काम करताना आम्ही बारीक खिळे तोंडात धरतो आणि एकेक काढून ठोकतो. ते थुंकायचंही तिला सुचलं नव्हतं.

"गेया?" तिने खिळ्यांमधून विचारलं.

"गेली. बाई होती."

"नक्की?"

"नेलपॉलिश होतं गं."

"त्याने पाठवली असेल."

'तो' म्हणजे तिचा नवरा. धाकटी अंगावरच्या कपड्यांनिशी माझ्याकडे आली, तेव्हा तिचा डावा हात गळ्यात बांधलेला होता. दोनदा पोलिसांत तक्रार केली. दोन्ही वेळा साहेबांनी दोघांना समोरासमोर बसवलं, समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या आणि तिला त्याच्याच गाडीतून घरी पाठवलं. तिसऱ्यांदा ती तक्रारीच्या वाटेलाच गेली नाही, थेट माझं दार वाजवलं. त्याने फोन करून मला एवढंच सांगितलं होतं, "ताई, मी शोधून काढीन." शिवी नाही, आवाज चढवणं नाही. दुधाचा निरोप द्यावा तसं.

म्हणून मी दुकानाचं सामान उचलून या गावी आले. इथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. सोफे-खुर्च्या मढवण्याचं काम कुठेही चालतं, माणसं बसायची थांबत नाहीत. गल्लीत मी सांगितलं, कामाला बाई ठेवली आहे. चारचौघांत धाकटी मला 'मॅडम' म्हणायची. मग दोघींना एकमेकींकडे बघायची चोरी व्हायची, हसू फुटायचं.

त्या हातानंतर आणखी लोक आले. एक जोडपं खांद्याला पिशव्या अडकवून आमच्या भिंतीला टेकलं आणि आकाशाकडे बघत राहिलं. मी बाहेर गेले की ते बुटाची नाडी बांधायला लागायचे. एक तरणाबांड मनुष्य कुत्र्याचा पट्टा हातात घेऊन आला. कुत्रा नव्हता. आणि मग भिंतीपाशी कुणीतरी खुशीत ओरडायचं, "सापडली!" की आत धाकटीची सुई जागच्या जागी थांबायची. तिच्या कानाच्या मागे घाम यायचा, तो मला इकडून दिसायचा.

शेवटी मी एका पोरीला हाताला धरूनच विचारलं. तिने तोंड वाकडं केलं. "खेळ आहे, काकू. कुणीतरी डबी लपवतं, मोबाइलवर जागा टाकतं. आपण शोधायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं, परत ठेवायची. तुमच्या पाइपामागे आहे. लोकांना कळू न देता शोधायची असते."

"मग कळू द्या ना! आम्हाला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही."

आत येऊन धाकटीला सांगितलं. त्या दिवशी आम्ही दोघी इतक्या हसलो की ती जमिनीवरच बसली. "डबी! अगं, डबी सापडली म्हणतात ते!" डोळे पुसता पुसता तिने विचारलं, "ताई, फोटो काढतात का गं ते?"

हसू तिथेच थांबलं.

मी मोबाइलवर ते पान उघडलं. आमचं शटर, आमची पायरी, आमची गल्ली, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या चेहऱ्यांमागे. एका फोटोत पाइपाशेजारी दात काढून उभा असलेला मुलगा आणि त्याच्या खांद्यावरून, काचेच्या आत, धाकटी. अर्धा चेहरा, हातात वाकडी सुई. खाली कुणीतरी लिहिलं होतं, आतली बाई टक लावून बघते, लक्ष देऊ नका. आणि सगळ्यात वर, शोधणाऱ्यांसाठी खूण म्हणून, डबी लपवणाऱ्याने लिहिलेली ओळ: 'दोन बहिणी जिथे म्हाताऱ्या सोफ्यांना तरुण करतात, तिथे जरा पाइपामागे डोकावा.'

बहिणी. जो शब्द आम्ही या गावात आल्यापासून दाराबाहेर पडू दिला नव्हता.

डबी लपवणारा स्वतःला 'वाटाड्या' म्हणवून घेत होता. मी निरोप टाकला, तर गडी दुसऱ्याच दिवशी हजर. निवृत्त मनुष्य, डोक्यावर टोपी, अंगात भरपूर खिशांचं जाकीट, चेहरा एकदम प्रेमळ. असा माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं.

"बहिणी आहोत हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"निरीक्षण, काकू!" तो खूश झाला. "जुन्या गादीची धूळ उडाली की दोघी अगदी एकसारख्या शिंकता. आधी मान वर, मग आच्छी. मी समोरच्या बाकावर बसून ऐकलंय. ओळ सगळ्यांना फार आवडते."

"ती काढा. आणि डबीपण न्या."

"कशासाठी पण?"

"आमच्या दारात लोक नकोत."

"दार तुमचं, मान्य. पाइप सरकारी आहे आणि रस्ता सगळ्यांचा." तो रागावला नव्हता, समजावत होता. "लोक लांबून येतात. आजवर एकाचीही तक्रार नाही. काहीतरी ठोस कारण द्या, मग विचार करतो. लपवण्यासारखं काही आहे का?"

कारण माझ्या जिभेवर होतं. ते याला सांगायचं म्हणजे हा निरीक्षण करणारा मनुष्य ते आणखी चार जणांना हळहळत सांगणार. मी म्हटलं, "गिऱ्हाइकांना त्रास होतो."

"गिऱ्हाइकं वाढतील उलट," तो म्हणाला आणि जाताना पाइपावर थाप मारून गेला, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

मी डबी काढून कचऱ्यात टाकली. त्याने काम आणखीच बिघडलं. डबी न सापडलेले लोक जाईनात. शटर वाजवायचे, खिडकीला नाक लावायचे. "आम्ही पहाटे निघालोय घरून," एक बाई मला म्हणाली, जणू मीच तिला बोलावणं धाडलं होतं. "जरा आत बघू का? आतल्या ताईंना विचारू का?" वाटाड्याने नवी डबी आणून लावली. मी ती राहू दिली. सापडली की निदान निघून तरी जायचे. पुढे पुढे तर मी मानही वर न करता आतून सांगायचे, "पाइपामागे, वीतभर वर." धाकटी शिवणाचं मशीन घेऊन मागच्या खोलीत गेली. तिथे खिडकी नव्हती. तिच्या अंगाला उजेड लागेना, पण तीच म्हणाली, बरं आहे इथे.

मग एका दुपारी वाटाड्या तणतणत आत आला. इतका चिडला होता की टोपी काढून हातात घेतली होती.

"बघा, काकू, तुम्ही उगाच आम्हाला नावं ठेवता. खरे चोर हे असे असतात! नवीन खातं, एकही डबी शोधलेली नाही, आणि आपल्या डबीखाली लिहितो 'सापडली'. फोटो लावलाय तोही दुसऱ्याचा, कापून. आणि कापलाय काय, तर पाइपच! ज्याच्यामागे डबी आहे तोच पाइप! मूर्ख कुठला."

त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. दात काढणारा मुलगा नव्हता. पाइप नव्हता. होती फक्त काच, मोठी केलेली, ठिपके ठिपके झालेली, आणि त्यात अर्धा चेहरा. खाली एकच शब्द.

माझ्या हातातली कात्री मी टेबलावर ठेवली. ती ठेवताना आवाज होऊ नये याची मी फार काळजी घेतल्याचं आठवतं.

"मी काय सोडतो त्याला? लिहिलं, कागदावर सही नाही तर शोध मान्य नाही. पुरावा द्या, नाहीतर नोंद रद्द. तर म्हणतो कसा, उद्या येऊन करतो सही." वाटाड्या आता जरा शांत झाला. "येऊ दे. मी साक्षीला चौघांना घेऊन येतो. नियम म्हणजे नियम."

तो गेल्यावर मी मागच्या खोलीत गेले. धाकटीने सगळं ऐकलं होतं. ती उभी होती आणि तिने चपला घातल्या होत्या.

"पळून पळून मी अजून थकले नाही ना, ताई?" तिने विचारलं. हे काय विचारणं झालं? मी तिच्या केसांतले काथ्याचे तंतू काढत बसले, एकेक, दुसरं काही सुचेना म्हणून.

संध्याकाळी एका हॉटेलच्या खुर्च्या दुसऱ्या गावी पोचवायच्या होत्या. गाडी आली, आम्ही खुर्च्या चढवल्या आणि धाकटी त्यांच्या मधोमध बसली. तिथून पुढे जायचं तिने मनाशी ठरवलं होतं. ती माझ्या कानाशी वाकली तेव्हा मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"मला सांगू नकोस कुठे ते. मी भित्री आहे, दरडावून विचारलं तर सांगून टाकीन."

"तू भित्री?" ती म्हणाली. "मग मी कोण गं?" आणि ड्रायव्हरने मागचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं. तिचं स्टूल माळ्यावर टाकलं, तिचा कप बरण्यांमागे ढकलला. तोंडात खिळे भरले, म्हणजे बोलावं लागलं तरी आवाजातला कंप कळणार नाही. बाहेर वाटाड्या आणि त्याची चार माणसं जत्रेला आल्यासारखी उभी होती.

तो आला. चांगला इस्त्रीचा शर्ट, अंग सुटलेलं. त्याने पाइपाकडे बघितलंच नाही, सरळ पायरी चढून आत आला. खुर्च्या बघितल्या, मागच्या खोलीचा पडदा सारून बघितला, मशीनवर हात ठेवला.

"कुठाय, ताई?"

मी हातोडीने खिडकीबाहेर दाखवलं. "पाइपामागे," खिळ्यांमधून म्हटलं. "वीतभर वर."

तो हसला. बाहेर वाटाड्या ओरडला, "अहो, आत नाही, इकडे! डबी इकडे आहे!" त्या पाचही जणांचे मोबाइल वर होते, सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. तो थोडा वेळ उंबऱ्यात उभा राहिला. मग बाहेर गेला. त्यांनी दाखवलं तसं त्याने डबी काढली, कागद उलगडला, नीट लिहिलं, परत ठेवलं. आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बहिणीच्या नवऱ्यासाठी, माझ्या दारात, टाळ्या.

"इथे परत आलं तर चालतं का?" त्याने वाटाड्याला विचारलं, माझ्याकडे बघत.

"हवं तेवढ्या वेळा या! रस्ता सगळ्यांचा आहे."

ते पांगले. थोड्या वेळाने वाटाड्या एकटाच परत आला. हातात कागदाची ती पट्टी होती. "काकू, याने आपलं नाव नाही लिहिलेलं. हे कुठल्यातरी बाईचं आहे. पूर्ण नाव, आडनावासकट. चेष्टा करतोय का?"

मी खिळे तळहातावर काढले आणि त्याला सांगितलं. सगळं. आता सांगितल्याने जाण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो स्प्रिंगा उघड्या असलेल्या सोफ्यावरच बसला, टोचत असणार, तरी उठला नाही. "मला वाटलं," तो म्हणाला, आणि पुढे काय वाटलं ते त्याला सापडेना.

सकाळी तो पेचकस घेऊन आला. ओळ रात्रीच काढली, म्हणाला, पान बंद करतो, डबी नेतो.

"राहू दे," मी म्हटलं.

"अहो, काकू..."

"तो इथे येतो तोवर तो दुसरीकडे नाही. त्याला वाटतंय ती आसपास आहे, नाहीतर मला तरी ठाऊक आहे. वाटू दे. तुमचा खेळ चालू ठेवा. नवीन फोटो टाका. शटरचे, पायरीचे."

त्याने पेचकस खिशात टाकला आणि मग दुसऱ्या खिशात, मग परत पहिल्या.

तेव्हापासून दर गुरुवारी धाकटीचा नवरा येतो. डबी काढतो, तेच नाव लिहितो, पडदा सारून बघतो, निघून जातो. माझे पाय बुधवारपासूनच गार पडतात. समोरच्या बाकावर वाटाड्या वर्तमानपत्र धरून बसतो. इतकं वाईट सोंग मी दुसऱ्या कुणाचं बघितलेलं नाही, पण बसतो बिचारा.

गेल्या गुरुवारी तो आला नाही.

आज पुन्हा गुरुवार. सकाळपासून मी एकाच खुर्चीची पाठ मढवते आहे, कापड तिरकं बसतं, उसवते, परत लावते. एक जोडपं येऊन, आरडाओरडा करून, फोटो काढून गेलं. ऊन भिंतीवरून पाइपावर आलं आणि पाइपावरून गेलं. मघाशी वाटाड्या बाकावरून उठून दारात आला.

"उशीर झाला असेल, काकू. येईल."

"येईल ना?" मी म्हटलं, आणि पुन्हा गल्लीच्या तोंडाकडे बघितलं. एक सायकल वळली, एक बाई पिशवी सावरत गेली. तो नव्हता.