क्लचबाईंच्या पापण्या

"थांबलीस कशाला? चल की!" क्लचबाईंनी डॅशबोर्डवर टिचकी मारली.

शेजारी स्टेअरिंग घट्ट धरून बसलेली डॉक्टर जागची हलली नाही.

"बाई, सिग्नल लाल आहे."

क्लचबाईंनी हनुवटी वर केली, मान मागे टाकली, तेव्हा कुठे चौकावर टांगलेला लाल दिवा त्यांना दिसला. त्याच क्षणी डावीकडून आलेली एक बस त्यांच्या समोरून आडवी निघून गेली.

"तुझं लक्ष आहे का ते बघत होते," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, पण कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली होती. 'क्लच, क्लच!' असं ओरडून ओरडून नाव पडलं ते पडलंच. त्यांच्या गाडीत बसलं की वकील असो नाहीतर कॉलेजातली पोरगी, सगळ्यांना 'तू'. पण अलीकडे पापण्या हळूहळू खाली उतरत गेल्या होत्या. बाई मान मागे टाकून बघायला लागल्या. अनोळखी माणसांना वाटायचं, केवढी शिष्ट! शिकणाऱ्यांना वाटायचं, बाई पेंगतायत. एका वडिलांनी तर मुलीला गुपचूप दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घातलं. बाई म्हणायच्या, वय झालं, पापण्यांनाही विश्रांती हवीच की. नवरा म्हणायचा, "लग्नात टपोरे डोळे होते हिचे. आता माझं तोंड बघवत नाही म्हणून मिटून घेते."

डॉक्टर त्यांची सगळ्यांत अवघड विद्यार्थिनी. चाळिशीची, हुशार, नियम तोंडपाठ, तरी परीक्षेत दोनदा नापास. गाडी छान चालायची, आणि समोरून मोठं वाहन आलं की भरकटायची. "हातात दम नाही तुझ्या," असं बाईंनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी तास संपला तरी डॉक्टर उतरली नाही. किल्ली फिरवून तिने इंजिन बंद केलं.

"बाई, रोज तुम्ही मला शिकवता. आज थोडा वेळ माझं ऐका. मी पापण्यांचीच डॉक्टर आहे."

"माहितेय. दारावर पाटी वाचलीय तुझ्या."

"मान मागे टाकून वाचली असेल."

बाईंना हसू आलं, आणि तिथेच त्यांचं निम्मं अवसान गळालं.

दवाखान्यात डॉक्टरने त्यांची भुवई अंगठ्याने दाबून धरली. "आता कपाळाची मदत न घेता वर बघा." पापणी जेमतेम वर गेली. मग छोटी पट्टी डोळ्यापुढे धरून तिने मोजलं, बाहुल्यांवर उजेड टाकला, प्रश्न विचारले. दिवस कलला की एकदम जास्त पडतात का? एकाचे दोन दिसतात का? घास गिळताना अडकतो का? बाई प्रत्येक वेळी नाही म्हणत गेल्या.

"मग चांगलं आहे. कधीकधी यामागे नसांचं किंवा स्नायूंचं दुखणं असतं, ते आधी बघावं लागतं. तुमचा स्नायू धडधाकट आहे. पापणीला जिथे तो जोडलेला असतो, तिथे सैल झालाय."

"म्हणजे इंजिन चांगलं, केबल सैल."

"अगदी बरोबर! ती पुन्हा ताणून बांधायची. इतके दिवस तुम्ही कपाळाने पापण्या ओढत होतात."

"तरीच! संध्याकाळी कपाळ ठणकतं, आणि मी शिकणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडते."

शस्त्रक्रियेच्या दिवशी नवऱ्याला बाहेर बाकावर बसवून बाई एकट्याच आत गेल्या. भूल फक्त पापण्यांपुरती होती. बाकी बाई जाग्याच होत्या आणि गप्प राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"हात थरथरत नाही ना तुझा?"

"बाई, बोलू नका. डोळे उघडा. वर बघा. आता खाली."

मध्येच तिने त्यांना उठवून बसवलं, दोन्ही पापण्या सारख्या उंचीवर आल्यात का ते निरखलं, एक टाका सोडला, पुन्हा घातला. तिच्या आवाजात कुठेही घाई नव्हती आणि हात तर दगडासारखा स्थिर. बाईंनी तो फार जवळून पाहिला. या हातात दम नाही, असं म्हणणारं तोंड त्यांनी मुकाट्याने बंद ठेवलं.

टाके निघाले, सूज उतरली. नवरा समोर बसून टक लावून बघत राहिला आणि म्हणाला, "आता माझी काही खैर नाही."

पुढच्या तासाला बाई गाडीत बसल्या त्या ताठ मानेने. दुकानांच्या पाट्या, तारांवरचे पक्षी, वरच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरी, सगळं आपणहून डोळ्यांत येत होतं. शहराबाहेर रस्ता मोकळा झाला. डॉक्टर सफाईने चालवत होती. समोरून एक ट्रक आला आणि गाडी भरकटली.

बाईंनी सवयीने स्टेअरिंगला हात घातला, आपल्या बाजूचा ब्रेक दाबला आणि वळून तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरचे डोळे गच्च मिटलेले होते. सुई टोचताना लहान मूल मिटतं तसे.

ट्रक निघून गेला. गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. बाईंनी ओरडायला तोंड उघडलं, पण शब्द निघाले ते हळूच.

"नेहमी मिटतेस?"

डॉक्टरने मान डोलावली.

"भाऊ चालवत होता. मी शेजारी होते. ट्रक येताना शेवटपर्यंत बघत होते."

बाईंनी हात पुढे करून इंजिन बंद केलं.

"वाचला तो. चाकांच्या खुर्चीत असतो. तेव्हापासून कुणाच्याही गाडीत बसत नाही, घराबाहेर पडत नाही. म्हणतो, तू चालवणार असशील तर येईन."

"कुठे राहतो?"

"नदीपलीकडे. पुलावरून सरळ."

"त्या रस्त्याला ट्रक असतात?"

"पुष्कळ."

"मग तिकडेच घे."

"आत्ता?"

"हो, पण हळू. ट्रक दिसला की मी सांगेन. तू मला फक्त त्याचा रंग सांगायचा."

डॉक्टरने ओढणीच्या टोकाने तळवे पुसले. गाडी पुन्हा रस्त्याला लागली. वळण मागे पडलं, पूल दिसायला लागला, आणि पुलाच्या पलीकडच्या तोंडाशी काहीतरी मोठं हललं.

"आला," बाई म्हणाल्या.

डॉक्टरच्या स्टेअरिंगवरची बोटं पांढरी पडली. बाईंनी हात मांडीवरच ठेवला.

"निळा," डॉक्टर म्हणाली. आणि ट्रक शेजारून जात असताना, जरा मोठ्याने, "ताडपत्री हिरवी आहे."