राजपुत्राने घोडा धरला

मित्रांनो, माझ्यावरची नावाची चिठ्ठी कधीच निघून गेली, म्हणून ओळख मलाच करून द्यावी लागते. मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. माझ्या पोटात एक कार्टून सिनेमा आहे. राक्षस राजकन्येला किल्ल्यात कोंडतो. ती खिडकीत बसून रडते. राजपुत्र येतो, राक्षसाला मारतो आणि तिला घरी नेतो. १९९१ साली मी भाईंदरला शशिकांतच्या व्हिडिओ लायब्ररीत आले, तेव्हा माझ्यासाठी मुलांची झुंबड उडायची. मीही हरभऱ्याच्या झाडावर चढले होते.

एका रविवारी मोरवा गावच्या काळूरामने भाड्याचा व्हीसीआर आणि मला घरी नेले. गल्लीतली सगळी पोरे जमली. राक्षस दिसताच काळूरामचा धाकटा मुलगा सुयोग रडू लागला.

"पोरगा हायस ना? पोरीवानी काय रडतोस?" काळूराम ओरडला.

"मी कुठं रडतेय?" सुयोगची मोठी बहीण हेमाली फणकारली.

पुढे राजपुत्र किल्ल्याखाली घोड्यावरून उतरला आणि तेवढ्यात मशीनने माझी फीत गिळली. काळूरामने मला ओढून काढले. तीन हात फीत चुरगळून लोंबत होती. मी फार घाबरले. बिघडलेली कॅसेट कचऱ्यातच जाते, हे मी लायब्ररीत पाहिले होते.

हेमाली स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली.

"ठेव तो. पोरींचं काम न्हाय ते."

"मंग तुमची भजनाची कॅसेट कोनी जोडली व्हती, बाबा?"

काळूरामने मला तिच्या हातात दिले.

तिने मला उघडले, चुरगळलेला तुकडा कापला आणि दोन्ही टोके सेलोटेपने जोडली. सुयोग डोळे पुसत तिच्यासाठी बॅटरी धरून उभा होता.

मी पुन्हा सुरू झाले आणि गंमतच झाली. नेमकी लढाई कापली गेली होती! राक्षस आडवा पडलेला, राजकन्या एकटीच पायऱ्या उतरतेय आणि राजपुत्र खाली घोडा धरून उभा.

"हिनंच मारला त्याला!" सुयोग टाळ्या पिटत ओरडला. "राजपुत्र नुसता घोडा सांभाळत व्हता!"

सगळ्या पोरांना ते पटले. हेमालीच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिला.

दुसऱ्या दिवशी शशिकांत वैतागला. "अहो काळूराम, माझी फायटिंग कुठे गेली?" मग त्याने जोड निरखला. "पण कोणी जोडलंय हे? एक नंबर काम आहे."

"माझ्या पोरीनं," काळूराम म्हणाला. त्याचा आवाज मला नवाच वाटला. पुढे लायब्ररीतल्या बिघडलेल्या कॅसेटी हेमालीकडे जाऊ लागल्या आणि काळूरामच त्या सायकलवरून ने-आण करायचा.

आता सीडी आल्या, मी कपाटात धूळ खाते आहे. मित्रांनो, माझी धूळ पुसलीत तर बरे वाटेल. पण त्याआधी घाबरलेल्या मुलाला रडू द्या आणि मुलीच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेऊ नका. इतकी वर्षे मी एका राजकन्येला खिडकीत बसवून रडवत होते. माझी ती तीन हात फीत गेली, याचे मला मुळीच वाईट वाटत नाही.